विद्युच्चलित चाकखुर्चीची आसनयंत्रणा : विद्युत्-दोषांची चिकित्सा

१. विषयप्रवेश

यंत्र चालेनासे झाले म्हणजे त्याचा एखादा भाग निकामी झाला असला पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत असते. पाण्याचा पंप, शिवणयंत्र किंवा घरातील पंखा यांच्या बाबतीत ही समजूत बहुधा खरी ठरते. तथापि, मनुष्याची सुरक्षितता ज्यांवर प्रत्यक्ष अवलंबून असते अशा यंत्रांच्या बाबतीत आणखी एक शक्यता विचारात घ्यावी लागते. सर्व भाग शाबूत असूनही असे यंत्र हेतुपुरस्सर थांबलेले असू शकते. पुढील हालचाल धोक्याची आहे असा संकेत त्यास कोठून तरी मिळालेला असतो आणि म्हणून ते आज्ञा पाळत नाही. विद्युच्चलित चाकखुर्चीची आसनयंत्रणा ही या प्रकारच्या यंत्रांत मोडते. तिच्यातील दोषांचा शोध घेताना ‘आसन हलण्यास असमर्थ आहे की हलण्यास नकार देत आहे?’ हा प्रश्न प्रथम सोडविला नाही, तर पुढील सर्व श्रम व्यर्थ जाण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने दोषचिकित्सेची पद्धती सांगावयाची आहे.

हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा नाही. मज्जारज्जूस मानेच्या भागी इजा झालेल्या किंवा स्नायूंच्या क्षयाने ग्रस्त असलेल्या व्यक्तीस स्वतःच्या बळावर बसण्याची ढब बदलता येत नाही. निरोगी मनुष्य बसल्या जागी नकळत सारखी चुळबूळ करीत असतो आणि त्यामुळे बैठकीच्या हाडांखालील त्वचेवर एकाच जागी फार वेळ दाब राहत नाही. ज्यास ही चुळबूळ शक्य नाही, त्याच्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दबलेल्या राहतात, त्या भागास रक्तपुरवठा होत नाही आणि काही तासांतच शय्याव्रणाचा पाया घातला जाऊ शकतो. असा व्रण बरा होण्यास कित्येक महिने लागतात. तो चिघळल्यास प्राणावरही बेतते. संपूर्ण आसन मागे कलवून शरीराचा भार बैठकीवरून पाठीवर घेणे, हा यावरील उपाय होय. हा कल अल्प असून भागत नाही; सुमारे ३० अंश किंवा त्याहून अधिक कल झाल्याखेरीज बैठकीवरील दाबात पुरेशी घट होत नाही. म्हणजेच आसन कलविणारी मोटर ही अशा व्यक्तीच्या दृष्टीने चैनीची वस्तू नसून औषधाच्या मात्रेसारखी ठरावीक वेळी लागणारी गोष्ट आहे.

२. खुर्चीचा विकास व आजची रचना

दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन हातापायांचे बळ गमावलेल्या सैनिकांसाठी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिल या संस्थेतील अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत विद्युत्-खुर्ची सिद्ध केली. १९५६ च्या सुमारास अमेरिकेतील एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज या कंपनीने अशा खुर्च्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. त्या काळच्या खुर्च्यांतील विद्युन्मंडल साधे होते. बॅटरी, स्विच, रिले आणि मोटर यांना जोडणाऱ्या तारा डोळ्यांनी पाहता येत आणि दोष कोठे आहे हे तारेचा माग काढीत गेल्यास उमगत असे.

आजची खुर्ची याहून पुष्कळच निराळी आहे. तिच्यातील शक्तीचा उगम म्हणजे सामान्यतः १२ व्होल्टच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या होत. त्या एकीपुढे एक जोडून २४ व्होल्टचा विद्युद्दाब मिळविला जातो. काही नव्या खुर्च्यांत लिथियम-आयन बॅटऱ्याही असतात. बॅटरीपासून निघालेला प्रवाह मुख्य नियंत्रकाकडे येतो. चाकांच्या मोटरी याच नियंत्रकाच्या ताब्यात असतात. आसनाच्या हालचालींसाठी बहुधा एक स्वतंत्र उपनियंत्रक असतो. संपूर्ण आसन कलविणे, म्हणजे टिल्ट. केवळ पाठ मागे रेलविणे, म्हणजे रिक्लाइन. आसन उंच करणे. आणि पायटेक वर उचलणे, या त्याच्या अखत्यारीतील प्रमुख हालचाली होत.

प्रत्येक हालचालीसाठी एक किंवा दोन ॲक्च्युएटर असतात. ॲक्च्युएटर म्हणजे आतील मोटरच्या फिरण्याचे सरळ रेषेतील सरकण्यात रूपांतर करणारा दांडा. मोटर दंतचक्रांच्या द्वारे एक लांब स्क्रू फिरविते, त्या स्क्रूवरील नट पुढे-मागे सरकते आणि नटाला जोडलेली नळी आसनास ढकलते किंवा ओढते. मोटरला मिळणाऱ्या विद्युद्दाबाची धन व ऋण टोके अदलाबदल केली की मोटर उलट फिरते आणि आसन उलट दिशेने जाते.

जॉयस्टिक, मुख्य नियंत्रक आणि उपनियंत्रक यांच्यातील संभाषण मात्र आता साध्या तारांवरून होत नाही. जर्मनीतील बॉश या कंपनीने मोटारगाड्यांकरिता विकसित करून १९८६ मध्ये जाहीर केलेली ‘कॅन’ नावाची संदेशवहनपद्धती, किंवा तिच्या धर्तीवरील पद्धती, अनेक खुर्च्यांत वापरलेली असते. तीत एकाच दुपदरी तारेवरून सर्व घटक आपापले संदेश क्रमाने पाठवितात. बटण दाबले असता मोटरकडे थेट प्रवाह जात नाही. ‘आसन मागे कलवावे’ असा संदेश जातो. तो संदेश मान्य करावयाचा किंवा नाही हे नियंत्रक ठरवितो. बटण आणि मोटर यांच्यामध्ये हा जो निर्णय येऊन बसला आहे, त्याच्यामुळेच केवळ तारेचा माग काढून दोष सापडण्याचे दिवस संपले.

३. खरा नकार, खोटा नकार आणि असमर्थता

आसन न हलण्याची कारणे तीन वर्गांत मांडता येतात.

पहिला वर्ग खऱ्या नकाराचा. येथे यंत्रात कोणताही दोष नसतो. आसन फार कललेले किंवा उंचावलेले असताना खुर्ची वेगाने चालविल्यास ती उलटण्याचा धोका असतो. म्हणून विशिष्ट कोनापुढे नियंत्रक चाकांची गती कमी करतो किंवा चाके मुळीच फिरू देत नाही. चार्जर जोडलेला असताना खुर्ची चालू नये अशी योजना सर्वत्र असते आणि कित्येक खुर्च्यांत त्या वेळी आसनाच्या हालचालीही बंद ठेवलेल्या असतात. ॲक्च्युएटरची मोटर सतत चालण्यासाठी घडविलेली नसते. दोन मिनिटे चालल्यानंतर सुमारे अठरा मिनिटे विश्रांती, अशा प्रकारची मर्यादा तिला घातलेली आढळते. तिचे उल्लंघन झाल्यास मोटरमधील उष्णतारोधक स्विच प्रवाह तोडतो आणि मोटर निवल्यावर तो आपोआप पुन्हा जोडला जातो. आसन अनेक वेळा वर-खाली करून पाहिल्यानंतर ते अचानक ‘मेले’ आणि अर्ध्या तासाने ‘जिवंत झाले’, अशी तक्रार असल्यास बिघाड शोधण्याचे कारण नाही.

या वर्गातील एक प्रकार विशेष फसवा आहे. काही खुर्च्यांतील कोनमापक आसनाचा चौकटीशी असलेला कोन मोजीत नाही, तर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी असलेला कोन मोजतो. पूर्वी यासाठी पाऱ्याचे स्विच वापरीत. आता त्यांची जागा सूक्ष्म त्वरणमापकांनी घेतली आहे. अशी खुर्ची चढणीवर असता उताराचा कोन आसनाच्या कोनात मिळविला जातो. त्यामुळे सपाट जमिनीवर बिनतक्रार चालणारी खुर्ची चढणीवर मात्र, आसन थोडेसेच कललेले असतानाही, अडून बसते. घरी आलेल्या तंत्रज्ञास हा दोष कधीच दिसत नाही, कारण घरातील जमीन सपाट असते.

दुसरा वर्ग खोट्या नकाराचा. येथे नियंत्रक शाबूत असतो, मोटर शाबूत असते. परंतु धोक्याची वर्दी देणारा संवेदक किंवा त्याची तार बिघडलेली असते. अशा प्रसंगी यंत्राने काय करावे, याविषयी सुरक्षाशास्त्राचा एक जुना नियम आहे. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी बंद विद्युन्मंडलाची पद्धती योजिली. मार्ग मोकळा असताना रुळांतून प्रवाह वाहत राहावा आणि गाडी आल्याने, रूळ तुटल्याने किंवा बॅटरी संपल्याने, कोणत्याही कारणाने तो थांबला तर सिग्नल धोक्याचा व्हावा, असे तिचे तत्त्व होते. चाकखुर्चीतही हेच तत्त्व पाळलेले असते. कोनस्विचची तार तुटली तर नियंत्रकास ‘आसन सुरक्षित स्थितीत आहे’ ही वर्दी मिळेनाशी होते आणि तो आसन धोकादायक स्थितीत आहे असे गृहीत धरतो. आसन पूर्णपणे सरळ असूनही खुर्ची जागची हलत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते. अशा वेळी मोटर बदलणे म्हणजे दारावरील पहारेकरी आंधळा झाला म्हणून दार बदलण्यासारखे होय.

तिसरा वर्ग खऱ्या असमर्थतेचा. नियंत्रकाने आज्ञा मान्य केली आहे, परंतु मोटरपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही दांडा सरकत नाही. बॅटरीचा ऱ्हास, गंजलेली जोडणी, तुटलेली तार, झिजलेले कार्बन ब्रश आणि अडकलेला स्क्रू ही यांतील नेहमीची कारणे होत.

या तिन्ही वर्गांत बसलेल्या व्यक्तीचा अनुभव एकच असतो : बटण दाबले आणि काहीच झाले नाही. म्हणून लक्षणांची अधिक बारकाईने छाननी करणे अवश्य ठरते.

४. लक्षणांवरून दोषाचे स्थान

खुर्चीच्या विद्युन्मंडलाची रचना वृक्षासारखी आहे. बॅटरी हे मूळ, मुख्य नियंत्रक हा बुंधा, आसनाचा उपनियंत्रक ही एक फांदी आणि प्रत्येक ॲक्च्युएटर ही तिची डहाळी. कोणकोणत्या हालचाली एकाच वेळी बंद पडल्या हे पाहिल्यास दोष कोणत्या जागी असेल याचे अनुमान हत्यार हाती न धरताही करता येते. चाके आणि आसन दोन्ही बंद असल्यास मूळ किंवा बुंधा पाहावा. चाके चालतात पण आसनाची एकही हालचाल होत नाही, असे असल्यास उपनियंत्रक, त्याचा फ्यूज किंवा त्याला बुंध्याशी जोडणारी तार संशयास्पद ठरते. केवळ टिल्ट बंद आहे आणि रिक्लाइन चालते, अशी स्थिती असल्यास दोष त्या एका डहाळीत आहे किंवा त्या एका हालचालीपुरता नकार आहे. खुर्चीच्या मागे सोबत्यासाठी बसविलेल्या स्विचने आसन हलते परंतु बसलेल्या व्यक्तीच्या स्विचने हलत नाही, असे आढळल्यास मोटर, तारा व उपनियंत्रक एकदम निर्दोष ठरतात आणि शोध केवळ एका स्विचपुरता, त्याच्या तारेपुरता किंवा जॉयस्टिकवर निवडलेल्या कार्यप्रकारापुरता मर्यादित होतो.

दिशेचा विचारही असाच फलदायी असतो. साध्या बांधणीच्या ॲक्च्युएटरमध्ये दोन्ही टोकांना एकेक लिमिट स्विच असतो. नट टोकास पोहोचले की तो उघडतो आणि मोटर थांबते. परंतु मोटर थांबल्यावर तिला उलट दिशेने निघता आले पाहिजे. म्हणून प्रत्येक लिमिट स्विचला समांतर असा एक डायोड जोडलेला असतो. डायोड प्रवाहास एकाच दिशेने वाट देतो. पुढे जाण्याची वाट स्विचने बंद केलेली असली, तरी परतीची वाट डायोडमधून खुली राहते. आता असे समजावे की आसन मधल्या टप्प्यात दोन्ही दिशांनी उत्तम चालते, मात्र एकदा पूर्ण मागे गेले की परत येत नाही. यावरून बॅटरी, बटण, तारा आणि मोटर यांपैकी कशातही दोष नाही, हे उघड होते. परतीची वाट देणारा डायोड तुटला आहे, हेच अनुमान संभवनीय ठरते. याउलट आसन कोणत्याही ठिकाणाहून एकाच दिशेने जाते व दुसऱ्या दिशेने मुळीच जात नाही, असे असल्यास त्या बाजूचा लिमिट स्विच उघडाच राहिला असण्याचा संभव अधिक. ज्या ॲक्च्युएटरमध्ये नटाची जागा संवेदकाने मोजून नियंत्रकास कळविली जाते, त्यांत हीच लक्षणे संवेदकाच्या दोषानेही उद्भवतात आणि तेव्हा ती खोट्या नकाराच्या वर्गात जातात.

आवाज हे तिसरे लक्षण. बटण दाबल्यावर पूर्ण शांतता असल्यास आज्ञा नियंत्रकापर्यंत गेलेली नाही किंवा ती नाकारली गेली आहे, असे मानावे. रिलेचा ‘टिक्’ असा आवाज येतो परंतु मोटर निश्चल राहते, तेव्हा आज्ञा मान्य झाली आहे आणि दोष रिलेच्या पुढे आहे. मोटर क्षणभर गुरगुरून थांबल्यास तिला प्रवाह मिळतो आहे. परंतु विद्युद्दाब अपुरा आहे किंवा स्क्रू अडकला आहे. अडलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह खेचते आणि तो मर्यादेबाहेर गेल्याचे पाहून नियंत्रक तिला थांबवितो. मोटर मोकळी फिरत असल्याचा आवाज येतो पण आसन हलत नाही, अशा वेळी दंतचक्र किंवा नट झिजले आहे; तो दोष विद्युतेचा नव्हे.

याखेरीज बहुतेक नियंत्रक दोष ओळखून जॉयस्टिकवर एखादा अंक दाखवितात किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवितात. या संकेतांचे अर्थ प्रत्येक उत्पादकाचे निराळे असल्याने त्या त्या खुर्चीच्या पुस्तिकेतच ते पाहावे. मात्र संकेत दोषाचे अंतिम कारण सांगत नाही. नियंत्रकास काय दिसले एवढेच सांगतो, हे विसरू नये.

५. विद्युद्दाब दिसतो, पण प्रवाह नाही

मल्टिमीटर हे दोषशोधनाचे प्रमुख उपकरण होय. परंतु नवशिक्यांची सर्वाधिक फसवणूकही तेच करते. याचे कारण ओहमच्या नियमात आहे. एखाद्या जोडणीचा पितळी पृष्ठभाग गंजून तिचा रोध १,००० ओहम झाला आहे असे समजू. मोटर बाजूला काढून तिच्या तारांवर मीटर लावले असता ते जवळजवळ पूर्ण २४ व्होल्ट दाखविते. मीटरचा अंतर्गत रोध साधारणतः १ कोटी ओहम असल्यामुळे त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असतो आणि गंजलेल्या जोडणीवर जेमतेम अडीच मिलिव्होल्टची तूट येते. तंत्रज्ञ समाधानाने मोटर निकामी ठरवितो. प्रत्यक्षात मोटर जोडल्यावर सर्व दाब त्या जोडणीवरच खर्ची पडतो आणि मोटरच्या वाट्यास काहीच येत नाही.

म्हणून मापन नेहमी भार जोडलेला असताना, म्हणजे मोटर चालविण्याचा प्रयत्न चालू असतानाच, केले पाहिजे. मापनाची उत्तम रीत अशी की मीटरची दोन टोके मोटरवर न लावता संशयित जोडणीच्या दोन बाजूंस लावावीत. निर्दोष जोडणीवर प्रवाह वाहत असताना नगण्य तूट दिसली पाहिजे. मोटर ८ अँपिअर घेत असून जोडणीचा रोध केवळ अर्धा ओहम असला, तरी तेथे ४ व्होल्टची तूट येते आणि ३२ वॅट उष्णता निर्माण होते. एखाद्या लहान सोल्डरिंग आयर्नइतकी ही उष्णता एका कनेक्टरमध्ये साठते. त्यामुळे त्याचे प्लॅस्टिक पिवळे पडते, वितळते आणि जोडणी अधिकच सैल होते. कनेक्टरचा बदललेला रंग किंवा जळका वास हा पुष्कळदा मीटरपूर्वीच दोष सांगतो. मुंबई व कोकण यांसारख्या किनारपट्टीच्या प्रदेशांत हवेतील क्षार व पावसाळ्यातील ओलावा यांमुळे असे गंजणे लवकर होते, हे तेथील तंत्रज्ञांनी विशेष ध्यानात ठेवावे.

बॅटरीच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे. २४ व्होल्टच्या संचावर मीटरने २४ व्होल्ट दाखविले म्हणजे बॅटरी भरलेली आहे, असा समज प्रचलित आहे. तो चुकीचा आहे. पूर्ण भरलेला शिसे-आम्ल संच विश्रांत अवस्थेत सुमारे २५.५ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखवितो. २४ व्होल्ट ही पुष्कळशी रिकामी झालेली अवस्था होय. शिवाय जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असल्याने विश्रांत अवस्थेत ती भरलेली भासते, पण भार येताच तिचा दाब कोसळतो आणि नियंत्रक आसनाची हालचाल थांबवितो.

६. एक उदाहरण

वरील पद्धती प्रत्यक्षात कशी राबते हे पाहण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. एका खुर्चीचे आसन सकाळी नीट कलते. दुपारी मात्र अर्ध्यावर येऊन थांबते. थोड्या वेळाने पुन्हा चालते. पाठ रेलविण्याची क्रिया सर्वकाळ बिनचूक होते.

प्रथम खऱ्या नकाराचा विचार करावा. चार्जर जोडलेला नाही; जमीन सपाट आहे; आसन सारखे वर-खाली केलेले नाही, त्यामुळे मोटर तापल्याचा प्रश्न नाही. दुपारी बॅटरी उतरते, हा स्वाभाविक संशय. परंतु त्याच बॅटरीवर रिक्लाइन चालते आणि खुर्चीही चालते. तेव्हा मूळ आणि बुंधा निर्दोष ठरतात. आता बसलेल्या व्यक्तीस विचारले असता ती सांगते की आसन नेहमी एकाच कोनाशी थांबते आणि खुर्चीला किंचित धक्का बसला की पुन्हा सुटते. येथे शोधाची दिशा निश्चित होते. बॅटरीचा किंवा उष्णतेचा दोष कोन पाहून येत नाही आणि धक्क्याने जात नाही. जो दोष विशिष्ट कोनाशी येतो तो त्या कोनाशी वाकणाऱ्या तारेत असला पाहिजे.

आसनाच्या बिजागरीपाशी तार दर कलनाला वाकते व सरळ होते. दिवसातून अनेक वेळा आणि अशी वर्षानुवर्षे हालचाल झाल्यावर आतील तांब्याच्या बारीक तारा थकून एकेक करून तुटतात. वरचे आवरण मात्र अखंड राहते. अखेरीस उरलेली टोके एकमेकांस नुसती टेकून राहतात. विशिष्ट कोनात ती विलग होतात आणि धक्क्याने पुन्हा भेटतात. सकाळी थंड असताना ती भेटलेली असतात. दिवसभराच्या वापराने ढिली होतात. आसन त्या कोनाशी आणून, मोटर चालविण्याचा प्रयत्न करीत असताना तार हलक्या हाताने वाकवून पाहिली की दोष पुराव्यानिशी सिद्ध होतो. हाच दोष मोटरच्या तारेत असेल तर ती असमर्थता; कोनमापकाच्या तारेत असेल तर तो खोटा नकार. दोन्ही परिस्थितींत उपाय एका लहानशा तारेचा आहे. ॲक्च्युएटर किंवा नियंत्रक बदलून काहीही साधणार नाही.

या उदाहरणात निर्णायक पुरावा मीटरने दिलेला नाही. खुर्चीत बसणाऱ्या व्यक्तीने दिला आहे. ती व्यक्ती यंत्रासोबत दिवसाचे दहा-बारा तास घालविते. आसन कोणत्या कोनाशी थांबले, आवाज कसा होता, त्यापूर्वी पाऊस किंवा प्रवास झाला होता काय, या गोष्टींची तारीखवार टिपणे ठेवल्यास अनेक दोष तंत्रज्ञ येण्यापूर्वीच अर्धेअधिक उलगडलेले असतात.

७. दक्षता

दोषशोधनाच्या भरात काही धोके ओढवून घेतले जातात. ते कटाक्षाने टाळावेत. खुर्चीत कोणी बसलेले असताना आसनाखाली हात घालू नये. व्यक्ती कललेल्या आसनात अडकलेली असल्यास तिला प्रथम सुरक्षितपणे पलंगावर घ्यावे आणि नंतरच यंत्राकडे वळावे. व्यक्ती उतरल्यावरही आसनास भक्कम टेकू द्यावा; ॲक्च्युएटरची खीळ काढताच आसन एकदम खाली येऊ शकते. तारा उकलण्यापूर्वी बॅटरी विलग करावी. मोठ्या बॅटरीच्या टोकांवर पाना पडला असता त्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि धातू वितळतो; म्हणून बोटांतील अंगठी व मनगटातील कडे काढून ठेवणे श्रेयस्कर.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की संरक्षक योजना कधीही निष्प्रभ करू नये. कोनस्विचची दोन टोके परस्पर जोडून टाकली की खोटा नकार तत्काळ नाहीसा होतो आणि खुर्ची चालू लागते. परंतु त्याबरोबरच खरा नकारही कायमचा नाहीसा होतो. पुढे एखाद्या उतारावर, पूर्ण कललेल्या आसनासह, ती खुर्ची निमूटपणे चालू लागेल. फ्यूजच्या जागी तार बसविणे किंवा अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे हाही त्याच जातीचा अविचार होय. त्याचप्रमाणे दोन ॲक्च्युएटरचे कनेक्टर अदलाबदल करून पाहण्याची युक्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज इतरांनी वापरू नये. दोन हालचालींच्या मर्यादा भिन्न असल्याने आसनाचा सांगाडा कोठेतरी आदळण्याचा धोका असतो.

८. समारोप

असमर्थतेवरील उपाय तार, फ्यूज, बॅटरी किंवा मोटर यांच्या रूपाने बाजारात मिळण्याजोगे असतात. नकारावरील उपाय मात्र बहुधा नियंत्रकाच्या आत साठविलेल्या नोंदी आणि मर्यादा यांच्याशी निगडित असतात आणि त्या वाचण्याची साधने प्रायः उत्पादक व त्यांचे अधिकृत विक्रेते यांच्याच हाती असतात. संवेदक नवा बसविला तरी त्याची नोंद नियंत्रकात केल्याखेरीज खुर्ची अडून राहू शकते. तंत्रज्ञाची वाट पाहण्यात जे दिवस जातात, ते बसलेल्या व्यक्तीच्या त्वचेस भोगावे लागतात. या अडचणीची दखल कायद्यानेही घेतली आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये विद्युच्चलित चाकखुर्च्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा संमत केला. सुटे भाग, साधने, माहितीपुस्तिका आणि नियंत्रकातील आज्ञावली ही खुर्चीच्या मालकास व स्वतंत्र दुरुस्तीकारांस उपलब्ध करून देण्याचे बंधन त्या कायद्याने उत्पादकांवर घातले; १ जानेवारी २०२३ पासून तो अमलात आला. खुर्ची कोणत्या कारणाने नकार देत आहे हे जाणण्याचा अधिकार तिच्यात बसणाऱ्यास आहे काय, हा प्रश्न अशा रीतीने तंत्रज्ञानाच्या कक्षेतून न्यायाच्या कक्षेत आला आहे.

तात्पर्य, आसनयंत्रणेचा दोष शोधताना प्रथम नकार की असमर्थता हे ठरवावे. नकार असल्यास तो खरा की खोटा हे पाहावे. असमर्थता असल्यास एकाच वेळी बंद पडलेल्या हालचालींवरून तिचे स्थान निश्चित करावे. आणि मापन करावयाचे ते भार जोडलेला असतानाच करावे. हा क्रम पाळल्यास शाबूत मोटरी बदलण्याचा खर्च टळतो आणि अडकून पडलेली व्यक्ती लवकर मोकळी होते. यांपैकी दुसरा लाभ पहिल्याहून निःसंशय मोठा आहे.